आधी उमटलेलं सावधान

नारायणगुरुजींनी टेपचा तुकडा नाकाशी धरून हुंगला, बोटांत चोळून पाहिला आणि विचारलं, "वामनराव, यात सरस आहे का हो?"

सरस म्हणजे जनावरांची हाडं-कातडी उकळून केलेला डिंक. मी म्हटलं, "नाही गुरुजी. रासायनिक लॅकर आहे."

"आणि हे तांबडं काय लावलंय?"

"गंज."

"थट्टा करता ब्राह्मणाची?"

थट्टा अजिबात नव्हती. टेप म्हणजे प्लास्टिकची लांबच लांब फीत. तिच्या एका अंगाला आयर्न ऑक्साइडची पूड चिकटवलेली असते, आणि आयर्न ऑक्साइड म्हणजे आपला लोखंडाचा गंजच, दळून मैद्यासारखा केलेला. मशीनमधल्या चुंबकाला हेड म्हणतात. आवाज जसा वरखाली होईल तसं ते हेड गंजाच्या कणांना फिरवून ठेवतं. तीच फीत पुन्हा हेडपुढून नेली की आवाज परत मिळतो. कॅसेट तेव्हा आमच्याकडे कोणी पाहिलेली नव्हती. बशीएवढ्या चाकांवर, म्हणजे स्पूलवर, टेप गुंडाळलेली असायची.

गोष्ट साठच्या दशकातली. अमरावतीत माझं रेडिओ दुरुस्तीचं आणि लाउडस्पीकर भाड्याने देण्याचं दुकान होतं. बदली होऊन चाललेल्या एका साहेबाकडून मी जुना टेप रेकॉर्डर घेतला होता. तो घेतल्यापासून गावातल्या प्रत्येकाला आपला आवाज ऐकायचा होता, आणि ऐकल्यावर प्रत्येकाचं मत एकच पडायचं, की मशीन बिघडलेलं आहे.

गुरुजी मात्र कामासाठी आले होते. त्यांची अडचण अशी की एकाच संध्याकाळच्या गोरज मुहूर्तावर त्यांनी दोन लग्नं घेतली होती. एक अमरावतीतच, बड्या घरचं. दुसरं अकोल्यापलीकडे बार्शीटाकळीला, शेषराव पाटलांच्या मुलीचं. दोन्हीकडे नाही म्हणवत नव्हतं आणि दोन्हीकडे जाता येत नव्हतं. पाटलांच्या भावकीतल्या एका मुलीचं लग्न गुरुजींनी मागच्या मोसमात लावलं होतं, त्यामुळे पाटील स्वतः अमरावतीला येऊन ठाण मांडून बसले होते.

"गुरुजी, तुमचा आवाज पायजे म्हंजे पायजे," पाटील म्हणाले होते. "मंग मानूस कोनताबी पाठवा."

गुरुजींनी हे वाक्य अक्षरशः घेतलं. माणूस म्हणून त्यांचे मेहुणे बाळंभट जाणार होते. त्यांना सगळे विधी पाठ, पण आवाज तेल न घातलेल्या रहाटासारखा. मंगलाष्टकं तेवढी टेपवर जाणार होती. पाटलांना सांगितलं तेव्हा ते उलट खूश झाले. "मशीनवर लगन? मंग तं अजूनच चांगलं! आमच्या भावकीत कोनाचंच नाई झालं तसं." मुलाकडच्यांना कळवण्याची गरज त्यांना वाटली नाही. ती गंमत म्हणून ठेवली होती.

माझ्याकडे तीन प्रकारच्या टेप होत्या. मी गुरुजींसमोर तिन्हींची परीक्षा मांडली. पहिली विलायती, ॲसिटेटची. उजेडापुढे स्पूल धरला तर आरपार दिसावा अशी. कापसाच्या किंवा लाकडाच्या लगद्यापासून हे ॲसिटेट करतात. झटका दिला की ती कटकन तुटते, पण तुटली तरी सरळ तुटते, चिकटपट्टीने जोडली की पुन्हा सुरू. दुसरी जर्मन, पीव्हीसीची. मऊ, गुळगुळीत, आवाजाला अगदी स्वच्छ, पण आपल्या मे महिन्यात तिचा काही भरवसा नाही. तिसरी अमेरिकन पॉलिएस्टर, लाँग प्ले. ही सहसा तुटत नाही, पण जोर बसला तर ताणली जाते, आणि ताणलेली टेप कोणाच्या बापाला सरळ करता येत नाही. लाँग प्ले याचा अर्थ इतकाच, की फीत पातळ केल्यामुळे तेवढ्याच स्पूलवर जास्त मावते.

तिन्हींवर गुरुजींचं एकेक मंगलाष्टक घेतलं. जर्मन टेपवर इतकं स्पष्ट आलं की त्यांच्या कवळीचा खटखट आवाजही ऐकू आला.

"ही टेप खोटं बोलते," गुरुजी म्हणाले. जर्मनी बाद झाली.

"गुरुजी, ॲसिटेटची घेऊ. जाड आहे, आवाज धरून ठेवते. शिवाय कापसाची म्हणता येईल."

"माझी सगळी मंगलाष्टकं बसतील?"

पाटलांनी सगळ्या सोयऱ्यांची नावं गुंफायला सांगितली होती. त्यामुळे अष्टकं आठ राहिली नव्हती. मी म्हटलं, "मध्ये एकदा स्पूल उलटून लावावा लागेल."

गुरुजींनी डोळे मिटले. "लग्नात उलटं काही चालत नाही. ती तिसरी लावा."

मी माझ्या परीने सांगून पाहिलं. पातळ टेपचे वेढे एकमेकांना जास्तच चिकटून बसतात. उन्हाळ्यात गुंडाळून ठेवली की एका वेढ्यावरचा जोराचा आवाज शेजारच्या वेढ्यावर फिकट उमटतो. धंद्यात याला प्रिंट-थ्रू म्हणतात. त्यावर उपाय सोपा आहे. वाजवून किंवा रेकॉर्ड करून झालेली टेप तशीच, शेवटचं टोक बाहेर ठेवून द्यायची आणि वाजवायच्या आधी दोन-तीनदा मागेपुढे गुंडाळून घ्यायची. ठसा बराच पुसट होतो.

गुरुजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आत्ताच काय ती सरळ करून द्या. मी तिची पूजा करणार आहे. पूजा झाल्यावर उलटी फिरवायची नाही. आपण देवाला उलटी प्रदक्षिणा घालतो का?"

गिऱ्हाईक म्हणजे देव, असं दुकानदारांनी म्हणायचं असतं. मी टेप पुन्हा सुरुवातीपर्यंत गुंडाळून दिली. पुढचे आठ-दहा दिवस ती गुरुजींच्या देवघरात समईशेजारी होती. मे महिना, पत्र्याचं छप्पर आणि वर समई. टेपला याहून वाईट जागा शोधायची म्हटलं तर चूलच सापडेल.

एक गोष्ट राहिलीच, आणि तीच महत्त्वाची आहे. गुरुजींची सगळी कीर्ती त्यांच्या थांबण्यात होती. ते "शुभमंगल" म्हणायचे आणि गप्प व्हायचे. मांडवातलं पोरसुद्धा रडायचं थांबायचं. लोक अक्षतांच्या मुठी उचलून धरायचे. मग गुरुजी असे कडाडायचे, "सावधान!" की शेजारच्या आळीतली कुत्री उठायची. ती शांतता त्यांनी टेपवरही तशीच्या तशी घेतली होती.

बाळंभट आणि मी बडनेऱ्याहून रेल्वेने अकोल्याला आणि तिथून पाटलांच्या जीपने बार्शीटाकळीला गेलो. स्पूल रेशमी फडक्यात बांधून बाळंभटांच्या मांडीवर. जीपमध्ये मी हळूच म्हटलं, "बाळंभट, जरा द्या, एकदा मागेपुढे फिरवून घेतो."

"नाई जमत बाप्पा," ते म्हणाले. "भावजी मले घरात घेनार नाईत."

मांडव मोठा होता. मी कर्णा बसवत होतो तेवढ्यात पाटील आले आणि त्यांनी कर्ण्याचं तोंड स्वतः फिरवून भावकीच्या घराकडे केलं. "आवाज तिथलोग गेला पायजे, इंजिनेरसायब. ऐकाले येऊन नाई राह्यले तं घरी बसून आयकतीन." आवाजाचं बटण त्यांच्या देखरेखीखाली शेवटपर्यंत पिळलं गेलं.

मुलाकडची मंडळी अकोल्याची. मुलगा बँकेत कारकून, गरीब गाय. त्याच्या मामाला मात्र सगळे वकीलमामा म्हणत होते आणि ते पुढच्या खुर्चीवर खिशातलं घड्याळ हातात घेऊन बसले होते. मुहूर्त चुकतो का, एवढंच बघायला आल्यासारखे. नवरी इंदू अंतरपाटाच्या अलीकडे मान खाली घालून उभी होती, पण डोळे खाली नव्हते. ती माझ्या मशीनकडे बघत होती.

बाळंभटांनी खूण केली. मी टेप सुरू केली. कर्ण्यातून गुरुजींचा आवाज निघाला आणि मांडव चकित झाला. पाटलांची छाती फुगली. पहिलं अष्टक संपत आलं. "शुभमंगल..." आणि शांतता. सगळ्यांच्या मुठी वर.

त्या शांततेत, विहिरीच्या तळातून यावा तसा एक बारीक आवाज आला, "सावधान."

निम्म्या मांडवाने अक्षता टाकल्या. मग खरा कडाडला, "सावधान!" उरलेल्या निम्म्यांनी टाकल्या. पहिल्यांनी पुन्हा टाकल्या.

काय झालं ते मला लगेच कळलं. जोराच्या सावधानाचा ठसा एक वेढा आधी उमटला होता, म्हणून तो मूळ आवाजाच्या आधी ऐकू येत होता. एरवी बोलण्याच्या गडबडीत तो कोणाच्या लक्षात आला नसता. पण गुरुजींनी त्याच्यासाठी खास जागा करून ठेवली होती, आणि पाटलांनी बटण पिळून त्याला गाव दाखवलं होतं.

दुसऱ्या अष्टकाला मी शांतता आल्याबरोबर बटण खाली केलं. भुताचं सावधान गेलं, पण बटण वर न्यायला मला क्षणभर उशीर झाला आणि खरं सावधानही मांजरासारखं निघालं. पाटील धावत आले. "आवाज काहून मारला? तिकडे भावकी हासून राह्यली असन!" बटण पुन्हा शेवटपर्यंत गेलं. टेप थांबवावी तर मुहूर्त जातो. मी हात बांधून बसलो.

लोक मात्र लवकर शिकले. तिसऱ्या-चौथ्या अष्टकापासून त्यांनी दोन हप्त्यांत अक्षता टाकायला सुरुवात केली, बारीकला थोड्या, मोठ्याला बाकीच्या. कोणीतरी म्हणालं, अमरावतीकडे आता असंच निघालं आहे. पाटलांची म्हातारी आत्या मात्र हात जोडून बसली. "आबाजी हायेत थे," ती शेजारणीला म्हणाली. "माहा भाऊ. मेल्यावरबी नातीच्या लग्नाले आला." शेवटच्या अष्टकापर्यंत ज्वारीच्या अक्षतांची परात रिकामी झाली होती.

शेवटचं अष्टक. सूर्य बुडत होता. अंतरपाट धरणारे दोघे घामाघूम. बँडवाला क्लॅरनेट ओठाला लावून तयार. "शुभमंगल..." शांतता. आणि त्या विहिरीतून, "सावधान."

अंतरपाट खाली आला. क्लॅरनेट किंचाळलं. ताशा सुरू झाला. इंदूने हात वर केले आणि नवऱ्याच्या गळ्यात माळ घातली. तेव्हा कुठे गुरुजी कर्ण्यातून कडाडले, "सावधान!" पण आता सावध व्हायला कोणी शिल्लक नव्हतं.

वकीलमामा उठले. त्यांनी घड्याळ वर धरलं. "थांबवा तो बँड! मुहूर्त लागायच्या आत अंतरपाट खाली आला. हे लग्न लागलेलं नाही."

बँड थांबला. मुलाकडच्या बायकांनी आपापल्या पोरांना जवळ ओढलं. कोणीतरी म्हणालं, बैलं जुंपा. हे ऐकल्याबरोबर पाटलांचं तोंड पडलं. मी दिवसभर त्या माणसाला मनातल्या मनात हसत होतो. त्या क्षणी माझं हसणं पार गेलं. माळ घातलेली मुलगी मांडवात उभी आणि वऱ्हाड परत चाललेलं, हे बघायला मी मशीन घेऊन आलो नव्हतो. भावकीच्या घराकडे तोंड केलेला कर्णा तेवढा सुरू होता आणि त्यातून नुसतं खर्रर्र ऐकू येत होतं. मी तो बंद केला.

वकीलमामा माझ्याकडे वळले. "तुम्ही या यंत्राचे चालक? सांगा, सावधान कोण म्हणालं?"

"नारायणगुरुजी."

"दोन्ही वेळा?"

"ते एकदाच म्हणाले."

"एकदाच म्हटलेलं दोनदा कसं आलं? आणि नंतर एकदा येणं मी समजू शकतो. आधी कसं आलं?"

मी म्हटलं, "हळदीचं ओलं पातळ घडी करून ठेवलं तर डाग वरच्या घडीवरही उठतो ना? तसंच. घडी उलगडताना वरची घडी आधी दिसते. डाग आधी दिसला, हळद नंतर."

बायकांना पटलं. वकिलांना पटलं, हेच वाईट झालं. "म्हणजे पहिलं सावधान ही नक्कल!" ते म्हणाले. "अस्सल हजर असताना नकलेवर लग्न लावता? शेवटचं अष्टक पुन्हा वाजवा. अंतरपाट धरा. अस्सलावर सोडा. माझ्या घड्याळात मुहूर्त अजून सरलेला नाही."

कायद्याच्या माणसाने तोडगा काढला होता. पाटलांच्या जिवात जीव आला. मी टेप मागे घ्यायला हात घातला, आणि बाळंभट मशीनवर आडवे पडले.

"उलटी फिरवता?" ते ओरडले. "लागलेलं लगन उलटं फिरवता? मंगलाष्टकं उलटी झाली तं काय होते मालूम हाये का?"

कोणालाच मालूम नव्हतं, म्हणून सगळेच घाबरले. आत्याबाई रडायला लागल्या की आबाजी परत जातील. वकीलमामा म्हणत होते, फिरवा. बाळंभट म्हणत होते, माझ्या प्रेतावरून. पाटील एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. मी हळूच सुचवलं की आवाज बंद करून मागे घेता येईल, कोणाला काही ऐकू येणार नाही. बाळंभट म्हणाले, "देवाले आयकू येते."

तेवढ्यात इंदू बोलली. तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, आणि त्याला कर्ण्याची गरज नव्हती.

"बाळंभटकाका, तुमाले तोंड नाई का?"

बाळंभट मशीनवरून उठून बसले. "हाये ना बाई."

"मंग तुमी म्हना ना. मशीनले कायले इचारता?" मग ती वकीलमामांकडे वळली. "अन् मामाजी, माळ मी घातली. आता मी थे काढनार नाई. पायजे तं वरून अजून एक घालतो."

वकीलमामांनी भाच्याकडे पाहिलं. "काय रे, तुझं काय म्हणणं?"

गरीब गाय म्हणाली, "मामा, मी नाही उठत."

त्या संध्याकाळी तो एवढंच बोलला, पण ते पुरलं. अंतरपाट पुन्हा धरला गेला. अक्षता संपल्या होत्या, म्हणून पाटलांनी कोठीतून ज्वारीचं पोतं ओढून आणलं आणि मांडवातच फोडलं. ना कुंकू, ना हळद, पांढरीधोप ज्वारी. बाळंभटांनी आयुष्यात कधी शेकडो माणसांसमोर एकट्याने अष्टक म्हटलं नव्हतं. आता त्यांनी म्हटलं. रहाट कुरकुरला, दोनदा अडला. "शुभमंगल" नंतर त्यांना थांबायची हिंमत झाली नाही, एका दमात "सावधान" म्हणून मोकळे झाले. वकीलमामांनी घड्याळ बघितलं आणि खिशात टाकलं. लोकांनी मुठी भरभरून ज्वारी फेकली. माझ्या मशीनमध्ये इतकी गेली की ती काढायला मला अमरावतीला येऊन अख्खी दुपार लागली.

जेवणं झाली. वकीलमामांनी बुंदीचे लाडू मागून घेतले. पाटील माझ्याजवळ आले आणि कानात म्हणाले, "इंजिनेरसायब, एक सांगा. भावकीच्या घरी पयलं सावधान आयकू गेलं असन का दुसरं?"

"दोन्ही."

"मंग ठीक हाये," ते म्हणाले. "आमच्याकडे दोन झाले, त्यायच्याकडे एकच झालं होतं."

गुरुजींना सगळं कळलं तेव्हा त्यांनी चूक अमेरिकेची ठरवली. त्या वर्षी बार्शीटाकळीकडच्या दोन घरांनी त्यांना दोनदा सावधान म्हणायची गळ घातली आणि त्यांनी तसं म्हटलंही, हे मात्र खरं. पाटलांनी धाकट्या मुलीच्या लग्नाला बाळंभटांना बोलावलं, नुसत्या तोंडाने.

तीन-चार वर्षांनी इंदू अमरावतीला काही कामाने आली होती, तेव्हा रेडिओ घेऊन माझ्या दुकानात आली. नवरा पिशवी धरून मागे उभा. मी विचारलं, "कसं काय चाललंय?"

"तुमच्या मशीनवानीच," ती म्हणाली. "मी मोठ्यानं काय बोलनार, थे यायले आधीच हळूच आयकू येते. मी तोंड उघडाच्या आत काम झालेलं रायते."

नवरा हसला. मी म्हटलं, "म्हणजे तुमचं लग्न पहिल्याच सावधानाला लागलं."

तिने विचारलं, ती टेप आहे का. होती. लग्नानंतर बाळंभटांनी पुरा झालेला स्पूल मला देऊन टाकला होता, शेवटचं टोक बाहेर, तसाच्या तसा. मी म्हटलं, "आत्ता ऐकवतो. फक्त एकदा उलटी फिरवून घ्यावी लागेल."

इंदूने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने तिच्याही आधी नाही म्हणून मान हलवली होती.

"राहू द्या," ती म्हणाली. "उलटी नका फिरवू."

ती टेप अजून माझ्या कपाटात आहे, न फिरवलेली. आणि कोणाला खरं वाटो न वाटो, टेप ठेवायची शास्त्रशुद्ध रीत तीच आहे. वाजून झाली की उलटी गुंडाळायची नाही, शेवट बाहेर ठेवायचा. जगभरचे साउंड इंजिनियर आणि आमचे बाळंभट यांचं एवढ्या एका मुद्द्यावर एकमत आहे. कारणं तेवढी वेगळी आहेत.